बाहेरची हवा

१

आमची फियाट सकाळी शहाण्यासारखी चालते आणि ऊन चढलं की बोंबलते. सिग्नलला जरा जास्त उभी राहिली की गुदमरते, दोन आचके देते, बंद. मग मी बॉनेट उघडून कार्बोरेटरवर ओलं फडकं टाकायचं आणि मागच्या रिक्षावाल्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. वर्षानुवर्षं हेच चाललंय. वडिलांनी गिरणीची नोकरी सुटल्यावर घेतलेली गाडी, त्यांच्यामागे मी सांभाळली. विकायचा विषय काढला की मी ताटावरून उठतो, म्हणून घरात कोणी काढत नाही.

मी नंदकिशोर. कांदिवलीला चारकोपात राहतो, पाणीखात्यातून रिटायर झालो. तिथलं माझं काम म्हणजे पाइप ऐकणं. हसू नका. रस्त्याखालची लाइन कुठे गळतेय ते वरून दिसत नाही. लोखंडी सळई जमिनीला टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि गाड्यांच्या गोंगाटातून खालचं पाणी ऐकायचं. गळतीचा आवाज वेगळा, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हचा वेगळा, रिकाम्या पाइपातल्या हवेचा वेगळा. माझा कान चुकत नाही असं आमचे साहेब चारचौघांत सांगायचे. ती सळई अजून माझ्याकडे आहे, कपाटामागे.

तर आमच्या प्रांजलचं लग्न ठरलं. एकुलती एक पोरगी. हॉल बोरिवलीला, सासर मुलुंडला. आणि बाईसाहेबांची एकच अट, पाठवणी आजोबांच्या फियाटमधून. जावई सुबोध, चांगला पोरगा, तोही म्हणाला, "झकास बाबा, व्हिंटेज एंट्री!" एंट्री कसली डोंबलाची. मे महिन्याचं ऊन, बोरिवलीहून पवईमार्गे मुलुंड, आणि तो सगळा ट्रॅफिक. नवरीमुलगी शालू नेसून गाडी ढकलतेय हे चित्र मला झोपू देईना. माझी पोर सासरी सुखरूप पोचली पाहिजे, बाकी मला काही नको होतं.

उपाय साधा होता. इंजिनाला जळायला हवा लागते. आमची गाडी ती हवा बॉनेटच्या आतूनच ओढते, तापलेली. तिला पुढच्या जाळीमागून पाइप टाकून ताजी, थंड हवा द्यायची, की गुदमरणं बंद. बाजारात तयार मिळतं तसलं, पण नव्या गाड्यांचं. आपण घरीच करायचं.

"तिला आतलं सोसत नाही गो," मी सुगंधाला समजावलं. "तिला बाहेरचं पाहिजे."

सुगंधा, माझी बायको, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "बाहेरचं म्हणू नका हो. पोरीचं लग्न तोंडावर आलंय."

"अगो, बाहेरची हवा!"

"मग हवा म्हणा ना."

मी हसलो. आमच्या कोकणातल्या बायकांना प्रत्येक शब्दाची भीती. 

२

त्याच सुमाराला हरेश्वर गेला.

हरेश्वर मढचा कोळी. मी तिकडे लाइन तपासायला जायचो तेव्हाची दोस्ती. त्याच्याकडेही फियाट होती, आणि घरामागच्या शेडमध्ये जाळी, दोऱ्या, बोटीचे पंखे यांच्या ढिगाऱ्यात फियाटचा असा एक पार्ट नव्हता जो मिळायचा नाही. आम्ही दोघं तिथे तासन्‌तास बसायचो. निघताना मी म्हणायचो, "चल, येतो रे," आणि तो हातातल्या कामावरून मान वर न करता एकच म्हणायचा, "ये." तीस वर्षं हेच.

तो बोटीत गेला. समुद्रात नव्हे, धक्क्याला बांधलेल्या बोटीत. मासळी ठेवायचा खोल खण असतो ना बोटीच्या पोटात, त्यात जुनी मासळी कुजली की विषारी वाफ कोंडते. आधी पंखा लावून, लांब पाइप आत सोडून हवा द्यायची, मगच उतरायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हरेश्वर पंखा न लावता उतरला. का, ते कोणालाच कळलं नाही.

मी भेटायला गेलो. घर भरलेलं. सगुणावहिनी भिंतीला टेकून बसलेली. "खालच्या पायरीवर बसलेलं व्हतं, दादा," ती म्हणाली. "तोंड वर करून. कोनी हाक मारल्यावर बघावं ना, तसं."

मग मला म्हणाली, मागे जे पार्ट असतील ते घेऊन जा, आता कोण बघणार. आणि एक पाइप होता, नवा करकरीत, काळा, रबरी, आत तारेचं वेटोळं, हवा तेवढा वाकणारा. खणात हवा सोडायचा. त्या दिवशी वापरलाच नाही तो. "ता पन न्या. मना डोल्यांसमोर नको."

खरं सांगतो, मला आनंद झाला. नेमका तेवढ्याच रुंदीचा पाइप मी महिनाभर शोधत होतो. शेडमध्ये जाऊन मी तो गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि निघालो. निघताना तोंडातून गेलं, "चल, येतो रे."

मयताच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. मुकाट उठायचं, चपला घालायच्या, चालू पडायचं. एरवी 'जातो' म्हणायचं नाही आणि तिथे 'येतो' म्हणायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण तीस वर्षांची सवय, जीभ घसरली. दारात सगुणावहिनी उभी होती, तिने ऐकलं. तिचा चेहरा कसनुसा झाला. "कोनाशी बोलता, दादा?"

मी ओशाळलो, मान खाली घालून गाडीत बसलो. मार्वे मागे टाकून मालवणीच्या गर्दीत शिरलो, पुढे टेम्पो आडवा आला, ब्रेक मारला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी 'येतो' म्हटल्यावर आतून कोणीतरी 'ये' म्हणालं होतं. इतकं नेहमीसारखं म्हणालं होतं की माझ्या लक्षातच आलं नाही.

असेल कोणीतरी जाळ्यांमागे. पुतण्या वगैरे. घर माणसांनी भरलेलं होतं, काय सांगावं.

३

पुढचे दिवस मजेत गेले. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये आंब्याखाली गाडी लावायची आणि कामाला लागायचं. पुढच्या जाळीमागे बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपाचा वळणाचा तुकडा, एल्बो, बसवला, त्यावर डास अडवायची जाळी ताणली. तिथून हरेश्वरचा पाइप बॅटरीच्या बाजूने वळवून मागे आणला. कार्बोरेटरवर बसवायला हवाबंद पेटी हवी होती. सुगंधाचा बेसनाच्या लाडवांचा डबा मापात बसला. झाकणाला भोक पाडून मी आत स्पंजचा फिल्टर घातला.

"लग्नाच्या घरात लाडवांचा डबा नाही," सुगंधा गॅलरीतून ओरडली. "व्याह्यांना लाडू काय बॉनेटमधून वाढू?"

पण गाडी काय चालली म्हणता! भर दुपारी पवईपर्यंत नेली, तलावाशेजारच्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम रखडवली. एक आचका नाही. आवाजही बदलला, भरदार झाला. प्रांजल बाजूला बसली होती. तिने डॅशबोर्डवर हात थोपटून म्हटलं, "आजोबा असते तर तुम्हाला मिठी मारली असती, बाबा." मला भरून आलं. खोटं कशाला बोलू.

घरी आलो, गाडी बंद केली, ती वर गेली. मी बॉनेट उघडून क्लिपा तपासत होतो आणि मला ऐकू आलं.

पाइप हवा ओढत होता.

इंजिन बंद. चावी माझ्या खिशात. जाळीपाशी हात नेला तर तळव्याला थंड झुळूक लागली, आत जाणारी. मी सळई आणली, एक टोक पाइपाला टेकवलं, दुसऱ्याला कान लावला. गळती सुंसुं करते. ही सुंसुं नव्हती. कोणी छाती भरून श्वास आत घेतं तसा आवाज होता, फक्त तो संपत नव्हता. आत, आत, आत. बाहेर सोडणं नाहीच.

आता मी काही कालचा पोर नाही. इंजिन तापलेलं, गरम हवा वर चढते, तिच्या जागी पाइपातून थंड हवा येते. चुलीच्या धुराड्यासारखं. चौथीच्या पुस्तकात असतं. मी बॉनेट लावून वर गेलो आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी मुद्दाम आधी खाली उतरलो. इंजिन गारढोण. लग्नपत्रिकेच्या पाकिटातला पातळ कागद घेऊन जाळीसमोर धरला. हातातून निसटला आणि जाळीला जाऊन चिकटला. वारा नव्हता. आंब्याचं पान हलत नव्हतं. मी कागद ओढून काढला तर पुन्हा चिकटला.

धुराडं गेलं चुलीत, असं म्हणून मी त्या दिवशी विचार करणं बंद केलं. लग्नघरात कामं काय कमी असतात?

४

धोंडिराम मेकॅनिक आमच्या मागच्या रस्त्यावरचा. मूळचा साताऱ्याकडचा, कायम निळ्या रबरी चपला. नव्या पाइपमुळे हवा जास्त जाते, तेव्हा पेट्रोल तेवढंच वाढवावं लागतं. ते कार्बोरेटरचं सेटिंग त्याने करून दिलं. पाइपाचं कौतुक केलं, डब्याला हसला. मग हात पुसत, बॉनेटमध्ये वाकल्यावाकल्या म्हणाला, "चला, येतो साहेब."

"ये."

धोंडिराम निघून गेला. त्याला वाटलं मी म्हटलं. मी कसं म्हणणार? माझ्या दातांत क्लिपांचे दोन स्क्रू होते. मी ते हळूच तळहातावर काढले आणि बघत राहिलो. ओले, दोन्ही. आवाज डब्यातून आला होता. जरा घुमलेला, मान वर न करता म्हटल्यासारखा. तो आवाज मी तीस वर्षं ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर गॅरेजपाशी गर्दी. धोंडिराम गाडीखालच्या खड्ड्यात गेला होता. वर एक गाडी चालू ठेवून खाली उतरला, धूर कोंडला, लोक सांगत होते. होतं असं. पेपरात येतं. मी पुढे झालो नाही, पण शेजारचा टायरवाला मला सांगायला लागला. "काका, पडला पण नाय तो. पायरीवर बसलेला. तोंड असं वर. एक चप्पल पायात, दुसरी भेटलीच नाय. पूर्ण खड्डा बघितला आम्ही."

मी दूध न घेताच परत आलो.

त्या दुपारी मी पाइप उचकटला. डब्यापासून सोडवला, एल्बोपासून सोडवला आणि कंपाउंडच्या लादीवर ठेवला. दोन्ही तोंडं उघडी, कशालाही न जोडलेला नुसता रबरी पाइप. एका तोंडाशी कागद नेला. चिकटला. मग दुसऱ्या टोकाशी जाऊन हात धरला. एकीकडून हवा शिरतेय तर दुसरीकडून निघायला हवी ना? सांगा मला, पाणी असो वा हवा, जाईल कुठे? दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. मी गाल लावून बघितला. काही नाही.

मी आंब्याच्या पारावर बसलो. कान चुकला असेल, डोळे चुकले असतील, म्हातारा झालोय म्हणा. पण कागद माझ्या नात्यातला नाही, तो कशाला माझी बाजू घेईल?

एकच गोष्ट समोर स्वच्छ दिसत होती. पाठवणीला प्रांजल गाडीत बसणार, आणि बसताना म्हणणार, "येते हं, बाबा." तेच म्हणतात. प्रत्येक मुलगी तेच म्हणते.

मी पाइप डिकीत टाकला, लग्न उरकलं की मढला नेऊन द्यायचा म्हणून. आणि घरात जाहीर केलं, फियाट बिघडली, धोंडिराम गेला, आता कोणी दुरुस्त करणारं नाही. भाड्याची गाडी सांगितली. प्रांजल रडली. मी पाठ फिरवून पेपर वाचत बसलो. उलटा धरला होता, सुगंधाने सरळ करून दिला.

५

लग्न चांगलं लागलं. जेवणं चांगली झाली. मी जरा सैल झालो होतो, कोणाला तरी मठ्ठ्याचा आग्रहही केला. मग पाठवणीची वेळ झाली, आम्ही सगळे हॉलच्या पोर्चमध्ये आलो, आणि समोर फियाट. झेंडूच्या माळा घातलेली. इंजिन चालू.

माझा भाचा कृणाल स्टिअरिंगवरून उतरला, बत्तिशी दाखवत. "सरप्राइज, मामा! मामीने चावी दिली. आधी काही केल्या दाद देत नव्हती गाडी. मग डिकीत तुमचा पाइप दिसला, तो लावला परत. एका सेल्फला सुरू! काय पाइप आहे यार!"

सुगंधा डोळे पुसत हसत होती. "पोरीची हौस हो. तुम्ही उगाच अडून बसलात."

मी धावलो. सत्तरीकडे झुकलेला माणूस फेटा सांभाळत जेवढा धावेल तेवढा. चावी फिरवून इंजिन बंद केलं. पोर्च एकदम शांत झाला, फक्त बायकांचे हुंदके. आणि जाळीमागून तो आवाज, आत, आत, आत. माळेतला एक झेंडू जाळीला घट्ट चिकटला होता.

प्रांजल माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या कानात म्हटलं, "बाळा, माझं ऐक. आज 'जाते' म्हण."

ती बाजूला झाली. "काय?"

"'जाते' म्हण. नाहीतर काहीच बोलू नको. मुकाट त्या दुसऱ्या गाडीत बस."

शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. ती म्हण माझ्यावरूनच पडली असं तिथल्या सगळ्यांना वाटलं असणार. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. सुगंधा दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, काय अभद्र बोलता? पोर सासरी चाललीये!" सुबोध बिचारा हसावं की काय करावं न कळून उभा.

आणि प्रांजल मला समजावायला, माझी समजूत काढायला, माझे दोन्ही हात धरून, रडत रडत, मोठ्याने म्हणाली, "असं कसं म्हणेन? परत येणारच ना मी. येते बाबा. येते हं."

"ये."

सगळ्यांनी ऐकलं. बायका जास्तच रडायला लागल्या. विहीणबाई कोणाला तरी म्हणाल्या, "बापाचं काळीज हो, शेवटी म्हणालेच." माझ्याकडून शब्द काय, हुंदकाही निघाला नव्हता.

मग मी तमाशा केला. फियाटच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि कोणाला बसू दिलं नाही. शेवटी ती भाड्याच्या गाडीतून गेली, माझ्याकडे न बघता. मला त्याचं वाईट वाटायलाही फुरसत नव्हती.

६

आज दुपारी सुबोधचा फोन आला.

"बाबा, टेन्शन घेऊ नका. प्रांजलला जरा दम लागतोय सकाळपासून. डॉक्टर बघून गेले, म्हणाले लग्नाची दगदग. पण ती सारखी म्हणते खिडक्या उघडा, हवा येऊ द्या. सगळ्या उघड्या आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि बाबा, तिला असं काही आहे का आधीपासून? ती सारखी जिन्यात जाऊन बसते. खालच्या पायरीवर. बोलावलं की नुसती वर बघते."

मी फोन ठेवला. सळई न घेता, टॉर्च घेऊन खाली उतरलो.

कंपाउंडात ऊन भाजत होतं. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मी पाइप पुन्हा सोडवला, दोन्हीकडून, मांडीवर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा पाइपाला कान न लावता डोळा लावला. आत टॉर्च मारला.

माझ्या मांडीवर पाइपाला वळण होतं. त्यापलीकडचं दिसायलाच नको होतं. पण उजेड वळला नाही. सरळ खाली गेला, लांब, माझ्या मांडीच्या, लादीच्या कितीतरी खाली. तिथे ओली फळी दिसली. बर्फाचा चुरा. फळीवर पाय होते. एक जोडी अनवाणी, रुंद पंजांची, मिठाने पांढुरकी झालेली. तिच्या शेजारी दुसरी जोडी, एका पायात निळी रबरी चप्पल. गुडघ्याच्या वरचं काही दिसत नव्हतं, आणि मला बघायचंही नव्हतं.

उजेड पडला तसे ते पाय हलले. घाबरून वगैरे नाही. बाकड्यावर बसलेली माणसं आणखी एकाला जागा करून देतात ना, तसे जरा सरकले. एकाचीच जागा झाली.

मी टॉर्च बंद केला. भीती वाटली? वाटली. पण त्याहून जास्त मला राग आला. माझी एकुलती एक पोर, तिचा काय संबंध? ती काही मयताच्या घरी जाऊन बोलली नव्हती. मी पाइपाला तोंड लावलं. ओठांना गार लागलं, बर्फाचा आणि बोंबलाचा वास आला.

"हरेश्वर," मी म्हटलं, "हे बरोबर नाही. पहिला मी बोललो होतो. तुझ्या शेडमध्ये, तुझ्या घरात. धोंडिरामच्या आधी, पोरीच्या आधी. नंबर माझा आहे. लाइन तोडून कोणाला घेऊ नको. मी येतो."

आणि तो आवाज थांबला. आंब्याची पानं, लांबवर रिक्षा, कुकरची दुसरी शिट्टी, सगळं एकदम ऐकू यायला लागलं. मग पाइपातून, पहिल्यांदाच, माझ्या तोंडावर कोमट हवा आली. कोणीतरी श्वास सोडला.

त्यामागून शब्द आला. तोच, नेहमीचा.

मी तोंडाशी कागद नेला. तो हातातून सुटला आणि सरळ खाली लादीवर पडला.

जिना चढतोय तोवर फोन वाजला. प्रांजल. "बाबा, मी बरीये. एकदम मोकळं वाटलं आता. काल मी रागात न बोलता गेले ना, सॉरी. तुम्ही काय करताय?"

"काही नाही गं. पाइप द्यायचाय एकाचा, तो द्यायला निघालोय."

७

ऊन उतरायच्या आत मढला पोचायला हवं. हरेश्वरची बोट धक्क्यालाच आहे, तो गेल्यापासून खण कोणी उघडलेला नाही. पाइप डिकीत टाकलाय. त्याच्याशिवाय गाडी गुदमरणार हे माहीत आहे, कार्बोरेटरवर टाकायला ओलं फडकंही घेतलंय. तेवढ्यापुरती चालेल. परत आणायला कृणालला सांगता येईल, चावी मी सीटखाली ठेवीन.

सुगंधाने चहा टाकला होता. मी बसून प्यायलो. लाडवांचा डबा मी घासून आणला होता, तो तिने उचलून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला पेट्रोलचा वास येतो. माझा नवा डबा तुमच्याकडे लागू."

"घे ना चांगला. झाकणवाला घे."

"प्रांजलचा फोन आला होता मला पण. बरीये म्हणाली. तुम्ही काल जे केलंत ना, त्याबद्दल तिच्याशी एकदा नीट बोला. पोर आहे तुमची."

"बोललो."

मी चपला घातल्या. ती मागे दारापर्यंत आली, नेहमी येते तशी, पदराला हात पुसत. मला तिच्याकडे नीट बघायचं होतं, पण जास्त बघितलं असतं तर तिला कळलं असतं.

"जातो गो," मी म्हटलं.

"काय हे! किती वेळा सांगू, जातो म्हणू नये." ती खरंच चिडली. "येतो म्हणा."

मी जिन्याच्या कठड्याला हात लावून उभा राहिलो. खाली कंपाउंडात फियाट दिसत होती, आंब्याखाली, एक झेंडू अजून जाळीत अडकलेला.

"म्हणा ना," सुगंधा म्हणाली.

"ते एकदा म्हणून झालंय," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरायला लागलो.